अकरावी डिस्क

स्कॅन काही केल्या उघडत नव्हता. जिन्यावरून पडलेली शाळकरी मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर होती, सर्जन हातमोजे चढवून उभे होते, आणि तिच्या डोक्याचं चित्र यायचं तिथे नुसतं चक्र फिरत होतं. हॉस्पिटलची सगळी चित्रं ज्या स्टोरेजमध्ये साठवलेली असत, ते सकाळपासून रखडत चाललं होतं. दुपारी त्याने बसकणच मारली.

"बंद करून चालू करा ना!" अधीक्षकांना एवढा एकच उपाय ठाऊक होता.

"तसं केलं तर संध्याकाळपर्यंत काहीच दिसणार नाही," थोरली म्हणाली.

"मग मॅडमना बोलवा."

मॅडम म्हणजे थोरलीची सख्खी धाकटी बहीण. हे स्टोरेज थोरलीने पहिल्या केबलपासून उभं केलं होतं. धाकटीला इथे चिकटवलं तेही तिनेच, शेजारी बसवून हाताला धरून शिकवलं. आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती धाकटीला मिळाली. आईने साऱ्या नातेवाइकांना फोन केले. "धाकटी पहिल्यापासूनच चुणचुणीत हो," ती प्रत्येकाला सांगत होती. थोरली समोर बसून हसत होती. त्या दिवसापासून ते हसणं तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. ऑफिसात कुणी "मॅडम" म्हटलं की तो काटा जरा आणखी आत जाई.

धाकटी धावतच आली. कीबोर्ड ओढून घेऊन तिने पडद्यावरच्या ओळी भराभर वाचल्या.

"अकरा नंबरची डिस्क," ती म्हणाली. "मेलेली नाही, पण मरायला टेकली आहे. उत्तर द्यायला वेळ लावते आणि बाकीच्या सगळ्या तिच्यासाठी खोळंबतात. तिला बाहेर काढली की गाडी सुरू."

निदान अचूक होतं. थोरलीनेही मनात तेच केलं होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

धाकटीने पडद्यावरून डिस्क वेगळी करायचा हुकूम दिला. मशीन ऐकेना. कुठली डिस्क ते दाखवणारा दिवा लावायचा प्रयत्न केला. तोही लागेना. शेवटी ती उठली आणि आतल्या थंडगार खोलीत शिरली. मागोमाग थोरली, तिच्यामागे फोन कानाला लावलेले अधीक्षक.

समोर डिस्कांची रांग होती. खणांवर आकडे नव्हते. धाकटी डावीकडून मोजत गेली आणि अकराव्या डिस्कवर थांबली.

थोरलीने मनात मोजलं. हे मशीन शून्यापासून मोजतं! पहिला खण म्हणजे शून्य. म्हणजे पडद्यावरची अकरा ही इथली बारावी. धाकटीच्या हाताखाली होती ती धडधाकट डिस्क. गटातली एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचा भार उचलतात. पण धडधाकट काढून आजारी मागे ठेवली, तर सगळा गट कोसळणार. मग आज काय, चार दिवस एक चित्र उघडणार नाही.

आणि सगळ्यांना कळेल मॅडम काय लायकीच्या आहेत ते.

धाकटीने मागे वळून पाहिलं. दोघींची नजरानजर झाली.

"थांब" हा शब्द थोरलीच्या जिभेच्या टोकावर आला. तिला टेबलावरची मुलगी आठवली. आईचे फोनही आठवले. तिने शब्द गिळला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

धाकटीने खटका दाबला आणि डिस्क ओढून बाहेर काढली.

पंख्यांचा आवाज वाढला. रांगेतले सगळे दिवे एकदम विझल्यासारखे झाले. मग एकेक करून हिरवे लुकलुकू लागले.

"आलं!" अधीक्षक फोनवर ओरडले. "चित्र आलं म्हणतात! सर्जननी सुरुवात केली!"

थोरलीला आधी वाईट वाटलं. मग, आपल्याला वाईट वाटलं याची तिला भीती वाटली.

"पण ही तर..." तिच्या तोंडून निघालं. "मोजणी शून्यापासून आहे ना?"

"डिस्कांच्या जुन्या शेल्फची होती, ताई. गेल्या महिन्यात ते बदललं. हे नवं एकपासून मोजतं. तू नव्हतीस ना त्या दिवशी, तुझं डोकं दुखत होतं."

डोकं दुखत नव्हतं. धाकटीच्या हुकमाखाली काम करायचं नाही, म्हणून थोरली घरी बसली होती.

"म्हणजे तुम्हाला खात्री होती," अधीक्षक खूश होऊन म्हणाले.

"कसली खात्री!" धाकटी मटकन खाली बसली. डिस्क अजून तिच्या हातातच होती. "ऐन वेळी डोकंच चालेना हो. एक की शून्य, शून्य की एक, काही आठवेना."

"अहो, मग हात कसा घातलात?"

धाकटीने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला आणि हसली.

"मागे ताई उभी होती ना. मी चुकत असते, तर ती गप्प राहिली असती का?"