केक मागे जात नाही

अर्नुल्फोने बस थांबवली आणि इंजिन बंद केलं. पुढे रस्ताच नव्हता. पहाटे डोंगराचा एक भाग खाली आला होता. दोनशे पावलांच्या लाल चिखलापलीकडे दुसरी बस उभी होती.

"उतरा सगळे," तो म्हणाला. "इकडची माणसं तिकडच्या बसमध्ये, तिकडची इकडे. आपापलं सामान सांभाळा."

कुणी कुरकुर केली नाही. पावसात या घाटात असं व्हायचंच. बायकांनी चपला हातात घेतल्या, पुरुषांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या. एक बाई तर किटली घेऊन दरडीच्या तोंडाशी गुळाचं गरम पाणी विकायला बसलीसुद्धा होती.

ओतिल्या मात्र जागची हलली नाही. तिच्या मांडीवर परातीएवढा खोका होता आणि शेजारी दोन लहान. तीन खोक्यांत मिळून एक तीन मजली केक होता. सांता रीतामध्ये आज एका मुलीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. चार वाजता ती बापाबरोबर नाचणार, मग सगळ्या गावासमोर केक कापणार. ओतिल्याने आजवर आपल्या गल्लीतले वाढदिवस केले होते. दुसऱ्या गावातून बोलावणं आलं ते पहिल्यांदाच.

"मावशी, द्या तो मोठा इकडे."

"तू गाडी चालवतोस तसा खोका धरलास, तर झालंच माझं कल्याण," ओतिल्या म्हणाली. "ते छोटे घे. हा माझ्याकडेच राहू दे."

चिखलावर लोकांनी फळ्या टाकल्या होत्या, जेमतेम एका माणसाला पुरतील एवढ्या. खोका छातीशी धरून ओतिल्या चालू लागली. पायाखालचं काही दिसत नव्हतं. फळी हलली की ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा पाऊल टाकायची.

निम्म्या वाटेवर समोरून एक माणूस आला. त्याच्या पाठीला लाकडी खुर्ची बांधली होती, आणि खुर्चीत मागे तोंड करून एक म्हातारा बसला होता.

दोघं समोरासमोर थांबले. खुर्ची रुंद, खोकाही रुंद.

"काय रे युरिएल, थांबलास का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"समोर खोका आहे, बाबा."

"मग खोक्याला सांग, बाजूला हो म्हणून."

दोन्ही बाजूंच्या रांगा तटल्या. "अहो बाई, म्हातारं माणूस आहे, तुम्ही मागे व्हा!" पलीकडून कुणी ओरडलं. "आणि मागे होताना त्यांचा पाय घसरला तर केक तुझी आई करणार का?" अर्नुल्फोने इकडून सुनावलं.

"वळव मला," म्हातारा म्हणाला. युरिएल जपून आडवा झाला. म्हाताऱ्याचं नाव बेलिसारिओ. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. नवी कवळी बसवून घ्यायलाच बापलेक शहराकडे निघाले होते. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग ओतिल्याकडे.

"आत काय?"

"केक. पंधरा वर्षांच्या मुलीचा."

"दाखव बघू."

ओतिल्याने हनुवटीने झाकण थोडं सरकवलं. पांढऱ्याशुभ्र साखरेवर गुलाबी फुलांची ओळ. बेलिसारिओ बराच वेळ बघत राहिला.

"याला काही दात लागत नाहीत," तो म्हणाला. लोक हसले.

"बाबा, उशीर होतोय."

"मला खाली ठेव."

"इथे? चिखलात?" युरिएलला खरं वाटेना. "जानेवारीत कंबर मोडली तेव्हापासून तुम्ही अंगणात पाय ठेवला नाहीत. डॉक्टर सांगून सांगून थकले."

"तो नुसता चाला म्हणतो. कशासाठी, ते कधी सांगतो का? या बाईला पायाखालचं काही दिसत नाही. खुर्चीत तिचा खोका बांध आणि पोचव पलीकडे. माणूस मागे जाऊ शकतो. केक मागे जात नाही."

ओतिल्याने झाकण हनुवटीने पुन्हा जागेवर सरकवलं.

अर्नुल्फोने आपल्याकडचे खोके मागच्या माणसाच्या हाती दिले आणि चिखलात उतरला. म्हाताऱ्याला काखेत धरून त्याने खाली घेतलं. चिखल घोट्यापर्यंत आला. बेलिसारिओने दात नसलेलं तोंड घट्ट मिटलं, अर्नुल्फोचा खांदा पकडला, आणि उभा राहिला. ते पाहून युरिएलच्या मागची माणसंही चांगले बूट विसरून एकेक करत चिखलात उतरली. ओतिल्याने आपल्या शालीने खोका खुर्चीला बांधला. युरिएल एकेक पाऊल रोवत परत फिरला, आणि ती त्याच्या पाठीवरून नजर न काढता मागोमाग.

पलीकडच्या बसच्या पहिल्या बाकावर तिन्ही खोके ठेवून तिने मोठ्याचं झाकण उघडलं. एक पाकळी सोडली तर सगळं जागेवर होतं. डागडुजीसाठी ती नेहमी चार फुलं जास्तीची करायची. त्यातलं सगळ्यांत मोठं तिने कागदात गुंडाळून युरिएलच्या हातात दिलं.

"बाबांना द्या," ती म्हणाली. "कवळीच्या आधी."

त्या बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "चला, चला!"

"थांब रे जरा," ओतिल्या म्हणाली.

फळ्यांवरून बेलिसारिओ निघाला होता. हात अर्नुल्फोच्या खांद्यावर, एक पाऊल, थोडं थांबणं, पुन्हा एक पाऊल. अर्नुल्फोला तो काहीतरी खडसावत होता. युरिएल झपाझप त्यांच्या मागे गेला, दहा पावलांवर पोचला, आणि एकदम सावकाश चालू लागला. रिकामी खुर्ची पाठीवर घेऊन, बापाच्या पावलाला पाऊल जुळवत, तो मागून जात राहिला.