भरून येणारे डोळे

हरवलेल्या मुलाबद्दल बोलताना हेमांगीचा आवाज कापला, की समोर बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर टिपणीसांचे डोळे भरून यायचे. त्या डोळ्यांवर विसंबूनच तिने नवऱ्यालाही न सांगितलेलं त्यांना सांगितलं होतं. मुलगा हरवला त्या दिवशी भांडून तिनेच त्याला घराबाहेर काढलं होतं.

आज मात्र कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. भाच्याच्या लग्नात बोकडाने नवरदेवाचा फेटा कसा चावून खाल्ला, ते सांगताना हसून हसून तिचा आवाज कापू लागला. डॉक्टरांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो मॅडम, बोकडाची गोष्ट आहे ही!"

डॉक्टर ओशाळल्या. "पापणीखाली चिप आहे. पेशंटचा आवाज कापला की ती पाणी सोडते. विश्वास लवकर बसतो. हल्ली सगळेच बसवून घेतात."

मागच्या खेपेला हेमांगीने स्वतःच्या ओढणीने हेच डोळे पुसले होते. तिने ती ओढणी गळ्यातून ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"म्हणजे माझ्या पोरासाठी चिप रडत होती?" संतापाने तिचा आवाज कापला.

डॉक्टरांचे डोळे टचकन भरून आले.