उतरा म्हणायची रीत
नातवाचं तोंड बघायला झाक्सिबेक म्हातारा माळावरच्या गावातून करागंदा शहरात आला होता. दाउरेनने नव्या गाडीची काच खाली केली, दुकानाच्या खिडकीतून गरम खाण्याची पिशवी घेतली आणि बापाच्या मांडीवर ठेवली.

"खा बाबा! गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही."

म्हाताऱ्याने पिशवी बाजूला सारली. "आपल्यात वाटसरूला आधी घोड्यावरून उतरा म्हणतात, मग वाढतात. उतरा न म्हणता दिलेलं मी खात नाही."

"अहो, ते दुकान आहे! तुम्ही अजून घोड्यावरच!" दाउरेन खो खो हसला.

बापाला परतीच्या बसला सोडायला बसस्थानकाकडे जाताना एका उंच इमारतीपाशी त्याने गाडी हळू केली, थांबवली नाही.

"ते निळे पडदे दिसतात ना, सातव्या मजल्यावर? तिथे असतो तुमचा नातू."