सात नंबरची बाटली

सत्काराचा हार गळ्यात तसाच ठेवून शलाका प्रयोगशाळेत आली. यामिनीला तो बघवेना. लाळेतून मत्सर ओळखणाऱ्या पट्टीचा कागद कसा कापायचा, हे सुचलं होतं यामिनीला. नाव झालं ते शलाकाचं.

हल्ली पट्टीवर दोन रेघा उमटलेल्या माणसाला कुठेच नोकरी मिळत नसे. यामिनीची चाचणी मात्र दर महिन्याला शलाका स्वतः घ्यायची आणि कागदावर ‘एक रेघ’ असं लिहून टाकायची. त्यामुळे यामिनीची खात्रीच पटली होती, की हिची पट्टी कुचकामी आहे आणि लोक उगाच हिला डोक्यावर घेऊन नाचतायत.

पट्ट्यांची नवी खेप तपासायला तिने सात नंबरची बाटली उचलली. तिच्यातल्या लाळेने दुसरी रेघ गडद उमटली, तरच खेप पास व्हायची. बाटली रिकामी होती.

“हा सात नंबर कोण आहे गं? पुन्हा लाळ मागवावी लागेल.”

शलाकाने धुतलेली बाटली तिच्यापुढे धरली.

“दे,” ती म्हणाली. “तीन वर्षांत तुझी दुसरी रेघ एकदाही फिकी पडलेली नाही.”