टाकेमामाची सुई

खोटं बोलणाऱ्यांची तोंडं शिवून टाकणारा शिंपी, टाकेमामा! असा सुपरहिरो दुसरा कुठे आहे? तीस वर्षांनी त्याचं कॉमिक पुन्हा सुरू झालं आणि संपादकाने तिसऱ्याच अंकात त्याचा गाशा गुंडाळला. वर म्हणे, "वाचकांनाच नको होता."

चित्रकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचकांच्या पत्रांची पोती तर या संपादकाच्याच केबिनमध्ये पडली होती!

त्याने तिसरा अंक पुन्हा उघडला. शेवटच्या चौकटीत टाकेमामाच्या सुईत त्याने स्वतः लांबलचक काळा दोरा काढला होता. आता सुई रिकामी होती.

दुसऱ्या प्रतीतही रिकामीच.

तिरीमिरीत त्याने संपादकाला फोन लावला. "साहेब, माझ्या चित्राला हात कोणी लावला? बोला ना!"

पलीकडून नुसतं "म्म... म्म..." ऐकू आलं.