साठांपैकी बारा

पान त्रेचाळीस उघडायची मनालीची हिंमत होईना. बेचाळीसपर्यंत ती दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मागे फिरली होती. समोरच्या चहावर साय धरली होती. बाहेर बाकावर कशिश शेख बसली होती. तिची तोंडी परीक्षा दहा मिनिटांवर आली होती.

कशिशचा लघुप्रबंध होता पंचवटीच्या फुलबाजारात बसणाऱ्या मखमलाबादच्या बायकांवर. सहा वर्षांपूर्वी एम.ए.ला असताना मनालीने याच साठ बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तिला डिस्टिंक्शन मिळालं आणि त्याच जोरावर या कॉलेजात नोकरी. आता त्या साठ जणींचं कसं चाललंय, हे कशिशला बघायचं होतं. जुने फॉर्म न्यायला आली तेव्हा मनाली म्हणाली होती, "साठ कशाला? वीस पुरेत की." पण पोर हट्टी. अंबडहून दोन रिक्षा बदलून चार महिने उन्हात फिरली.

साठ बायका नव्हत्याच. होत्या अठ्ठेचाळीस. मनालीची लेक सृष्टी तेव्हा पाच महिन्यांची होती. तापात तिला झटके आले होते आणि प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. एका हाताने लेकीच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी, दुसऱ्या हाताने फॉर्म. बारा फॉर्म मनालीने असे घरी बसून भरले. एकीचं नाव नवसाबाई ठेवलं. तिला तीन मुली दिल्या, अर्धा एकर झेंडू दिला. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आणि कोण भेटलं, कोण नाही, याचा कशिशने मांडलेला हिशेब पान त्रेचाळीसवर होता.

विभागप्रमुख रंगनाथ सरांनी दारातून डोकं आत घातलं.

"काय मॅडम, गुरूची विद्या गुरूला! कसं आहे पोरीचं काम?"

"छान आहे, सर."

"मग होऊन जाऊ द्या डिस्टिंक्शन! फक्त पंचाहत्तर किंवा वर गेलात तर मला लगेच सांगा, बाहेरचा परीक्षक बोलवावा लागेल. तो एकेक फॉर्म ताडून बघतो बरं का. तुमचे जुनेसुद्धा काढून ठेवा." हसत हसत ते शेजारच्या खोलीत गेले.

पंचाहत्तरला एक कमी, म्हणजे चौऱ्याहत्तर. मग प्रबंध विभागाच्या कपाटात जातो आणि पुन्हा कुणी उघडत नाही. पण कशिशचं काम चौऱ्याहत्तरचं नव्हतं. आणि डिस्टिंक्शनशिवाय तिला पुढची शिष्यवृत्ती नव्हती. मनालीने गुणपत्रकावर पेन्सिलने, अगदी पुसट, चौऱ्याहत्तर लिहिले. मग डोळे मिटून पान उलटलं.

'साठपैकी अठ्ठेचाळीस जणी भेटल्या. उरलेल्या बारा जणी गाव सोडून गेल्या आहेत.'

बस्स, एवढंच. तिने ते तीनदा वाचलं. गाव सोडून गेलेल्यांना कोण शोधायला जाणार? तिने चौऱ्याहत्तर खोडरबराने पुसले. 'माहितीचा खरेपणा' या रकान्यात दहापैकी दहा दिले. बेरीज ब्याऐंशी झाली. मग तिने कशिशला आत बोलावलं.

एक प्रश्न मात्र बाहेरचा परीक्षक विचारणारच होता. त्याचं उत्तर आधी आपल्या कानांनी ऐकलेलं बरं.

"या बारा जणी गाव सोडून गेल्या, हे तुला कुणी सांगितलं?"

कशिश ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कुणी नाही, मॅडम. मीच लिहिलं."

मनालीने पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"नवसाबाईंना मी चार दिवस शोधलं. गल्लीगल्लीत विचारलं. असं नावच गावात कुणाचं नाही. शेवटी बाजारात भागीबाई म्हणाल्या, 'ती पोरगी लेकरू पोटाशी घेऊन यायची. लेकराला झटके आले म्हणून निरोप आला, मग ती परत आलीच नाय.'" कशिशने मान वर केली. "मला चौऱ्याहत्तर द्या, मॅडम. मग बाहेरचे परीक्षक येणार नाहीत. कपाटात पडून राहील. कुणी उघडणार नाही."

"आणि शिष्यवृत्ती?"

"अब्बू म्हणतात, बघू नंतर." ती क्षणभर थांबली. "भागीबाईंनी एक विचारायला सांगितलंय. 'लेकरू बरं हाय ना?' मी प्रत्येक वेळी गेले की विचारतात."

सहा वर्षं मनाली त्या बाजाराच्या वाटेने फिरकली नव्हती. देवाची फुलंसुद्धा दुसरीकडून आणायची.

तिने पेन्सिल बाजूला ठेवली. पेन घेतलं. पान त्रेचाळीसवरची शेवटची ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'या बारा जणी कुठेही गेलेल्या नाहीत. त्यांचे फॉर्म मी घरी बसून भरले होते.' खाली पूर्ण नावाने सही केली. मग गुणपत्रक ओढून दहाचे नऊ केले.

"हा एक गुण कापला. माझ्यासाठी खोटं लिहिलंस म्हणून."

कशिश रडायला लागली.

"रडू नकोस. भागीबाईंना सांग, लेकरू पहिलीत जातं."

बेरजेच्या चौकटीत तिने शाईने एक्याऐंशी लिहिले. मग शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"रंगनाथ सर, बाहेरचा परीक्षक बोलवा."