नववं मशीन

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बुधाजी उल्हासनगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले आणि नवव्या मशीनसमोर बसले. रोज एक याप्रमाणे आधीची आठ त्यांनी नापास केली होती.

विक्रीवरची किर्ती पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिची तीन महिन्यांची उमेदवारी त्याच दिवशी संपत होती. कायम व्हायला एक मशीन कमी पडत होतं आणि दुकानात गिऱ्हाईक एकच होतं.

"काका, आज फायनल ना?"

"घाईत घेतलेला मालच परत येतो."

बुधाजी सोनिवलीचे. अंबरनाथच्या कंपनीत येणारा माल तपासून आत घ्यायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा घरचे म्हणाले, कॉम्प्युटर घ्या. त्याला वर्ष झालं. अंबरनाथची चार दुकानं आणि बदलापूरची सहा त्यांनी आधीच पालथी घातली होती.

पद्धत ठरलेली. प्रोसेसर कितव्या पिढीचा? रॅम आठ की सोळा, आणि पुढे वाढवता येते का? एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क? बिघडलं तर माणूस सोनिवलीला येणार, की मशीन रिक्षात घालून आणायचं? एवढं कुणीही विचारतं. त्यापुढची चाचणी त्यांची स्वतःची होती. दोन तास सलग टाइप केल्याशिवाय कीबोर्ड कळत नाही. टाइप केलेलं सगळं वाचल्याशिवाय स्क्रीन कळत नाही. शेवटी पेन ड्राइव्ह लावून फाइल किती वेगात उतरते तेही बघायचं.

"सातव्याचा कीबोर्ड मऊ होता," किर्ती म्हणाली. "आठव्याची स्क्रीन मोठी. अडलं कुठे?"

"सातव्याचं स्पेसचं बटण किरकिरतं. आठवं दीड तासात तापलं."

"दीड तास सलग कोण टाइप करतं, काका?"

"माल विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला असं विचारू नये."

काचेच्या केबिनमधून सिंधी मालकांचा आवाज आला, "किर्ती बेटा, अंकल का हो रहा है कि नहीं? शाम को तेरा फैसला करना है मेरे को."

"हो रहा है, साईं!" किर्ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "काका, ऐकलंत ना?"

"ऐकलं. मशीनचा पंखा मात्र ऐकू येत नाही. चांगलं आहे."

नऊ दिवसांतला हा पहिला चांगला शब्द. किर्तीनं बिलबुक जवळ ओढलं.

आज बुधाजींनी दोन तास घेतले नाहीत. पंधरा मिनिटांतच बोटं थांबली.

"तुझं पूर्ण नाव काय गं?"

किर्तीचा चेहरा खुलला. "किर्ती भगवंत भोईर. विक्री माझ्याच नावावर लावायला सांगा हां, काका."

त्यांनी नाव टाइप केलं, एकदा वाचलं आणि समाधानानं मान हलवली. तोवर तिनं खोकाही काढून आणला.

"मग हेच पॅक करू?"

"हे? नको." बुधाजींनी चष्मा पुसला. "कॉम्प्युटरचं काम संपलं. आत्मचरित्र पुरं झालं. अर्पण तुलाच केलंय."

मग पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि खुर्ची ओढत ते पलीकडच्या फळीपाशी गेले.

"चल, आता प्रिंटर दाखव. दोनशे चौदा पानं आहेत, एकेकावर काढून बघू."